सायफनची फ्लश टाकी: गळत नाही, पण रुसते

हार्डवेअरच्या दुकानात फ्लशची टाकी मागितली की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘बटणवाली की हॅन्डलवाली?’ गिऱ्हाईक दिसण्यावरून उत्तर देतं आणि तिथेच फसतं. खरा फरक झाकणाखाली असतो. एका जातीच्या टाकीत तळाला भोक असतं आणि ते रबरी सीलने दाबून बंद केलेलं असतं. बटण दाबलं की सील उचलली जाते. दुसऱ्या जातीत तळाला असं उघडझाप करणारं काहीच नसतं. तिथे पाणी एका उलट्या वाकवलेल्या नळीच्या माथ्यावरून पलीकडे ओढलं जातं. ही सायफनची टाकी.

हा आढावा या दुसऱ्या जातीचा आहे. भिंतीवर बसणारी, बाजूला हॅन्डल असलेली, १० लिटरची प्लॅस्टिकची लोअर टाकी, म्हणजे भांड्याच्या जरा वर, कमी उंचीवर बसणारी. एका कंपनीचा माल इथे तोललेला नाही, कारण आतली रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो आत पाणी उचलणाऱ्या पट्टीच्या जाडीत, ती ओढणाऱ्या दांडीच्या धातूत आणि सुटे भाग गावात मिळतात की नाही यात.

निकाल आधीच सांगून टाकू. गच्चीवरच्या साठवणीवर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर नक्कीच, ही टाकी बटणाच्या टाकीपेक्षा भरवशाची. मात्र तिला पाण्याची पातळी बरोबर लागते, आतला प्लॅस्टिकचा पडदा धड लागतो आणि हॅन्डल दाबणाऱ्याचा हात जरा ठाम लागतो. यातलं एक बिघडलं तर ती गळत नाही, रुसते. तीन-तीन वेळा हॅन्डल मारा, मग पाणी सोडते.

झाकण काढून आत बघा. मधोमध किंवा जरा कडेला एक प्लॅस्टिकचा जाड नळा उभा दिसेल. तो वर जाऊन वळतो आणि परत खाली येऊन टाकीच्या तळातून बाहेर पडतो. बाहेर पडणारा हा लांब पाय पुढे फ्लश पाइपला जोडलेला असतो. दुसरा पाय आखूड, आणि त्याचं खालचं तोंड पसरट डब्यासारखं रुंद. हे तोंड टाकीच्या तळापासून जेमतेम एक-दीड सेंटिमीटर वर राहतं. या डब्यात भोकं पाडलेली एक गोल पट्टी वर-खाली सरकते आणि पट्टीवर पातळ, लवचीक प्लॅस्टिकची चकती नुसती ठेवलेली असते. हाच पडदा; दुकानात त्याला सायफन वॉशर म्हणतात. पट्टीला दांडी, दांडीला तारेचा हूक, हूक हॅन्डलच्या आडव्या दांड्यात अडकवलेला. बस, एवढंच. स्प्रिंग नाही, सील नाही, बटणाखालचे दातेरी प्लॅस्टिकचे खेळ नाहीत.

हॅन्डल दाबलं की पट्टी वर येते. तिच्या भोकांवर पडदा पाण्याच्या वजनानेच चिकटून बसलेला असतो, त्यामुळे वरचं पाणी खाली निसटत नाही, पट्टीबरोबर उचललं जातं आणि माथ्यावरून लांब पायात कोसळतं. डब्याचा व्यास १० सेंटिमीटर आणि पट्टीची उचल ५ सेंटिमीटर धरली तर एका झटक्यात साधारण ४०० मिलिलिटर पाणी वर फेकलं जातं. कोसळणारं पाणी लांब पायातली हवा आपल्याबरोबर ओढून नेतं. माथ्यापाशी दाब कमी होतो, आणि टाकीतल्या पाण्यावर असलेला हवेचा दाब उरलेलं सगळं पाणी आखूड पायातून वर ढकलतो. आता पाणी खालून जोराने येतं, म्हणून तोच पडदा वर वाकतो आणि पट्टीची भोकं मोकळी होतात. उचलताना झाकण, वाहताना दार. पातळी डब्याच्या तोंडाखाली गेली की तिथून हवा शिरते, ‘घुर्रर्र’ असा ओळखीचा आवाज होतो आणि सायफन तुटतो. टाकीच्या तळाशी थोडं पाणी उरतं, ते उरायचंच.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हॅन्डल फक्त सुरुवात करून देतं. पाणी सुरू झाल्यावर ते धरून ठेवलं काय, सोडलं काय, साध्या सिंगल फ्लश टाकीत काही फरक पडत नाही. म्हणून हळूहळू, अदबीने दाबलेलं हॅन्डल कामाचं नाही. सावकाश उचललेल्या पट्टीच्या कडेने पाणी खाली सरकून जातं, माथ्यावरून जाते ती नुसती धार, आणि धारेने नळी भरत नाही. नळी भरली नाही तर हवा निघत नाही. एकच पुरता झटका द्यायचा. पाहुण्यांना आणि लहान मुलांना हे सांगावं लागतं, हा या टाकीचा पहिला दोष. बोटं आखडणाऱ्या वयस्कर माणसांना तर हे हॅन्डल खरंच जड जातं. अशा घरात बटणच बरं.

फ्लशचा जोर कसा? चांगला, पण जुन्या साखळीच्या टाकीइतका नाही. चाळींतून आणि जुन्या क्वार्टरांतून डोक्याच्या वर बसवलेली ती बिडाची टाकी आठवते ना, तीही सायफनचीच. फक्त तिच्यात पट्टीऐवजी बिडाची जड घंटा असायची. साखळी ओढली की घंटा उचलली जायची, सोडली की स्वतःच्या वजनाने धाडकन खाली बसायची आणि आतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून पलीकडे ढकलायची. म्हणून तिथे पाणी साखळी सोडल्यावर यायचं, ओढल्यावर नव्हे. पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: उंची चौपट तर वेग दुप्पट. दोन मीटरवरून पडणारं पाणी आणि अर्ध्या मीटरवरून पडणारं पाणी यांत एवढा फरक राहतोच. त्यामुळे वरच्या टाकीला ३२ मिलिमीटरचा फ्लश पाइप पुरतो आणि लोअर टाकीला ३८-४० मिलिमीटरचा लागतो; वेगात जे गेलं ते जाडीत भरून काढायचं. लोअर टाकीला कोणी हाताशी होता म्हणून बारीक पाइप जोडला असेल, तर भांडं धुतलं जाणार नाही, आणि दोष मात्र टाकीच्या माथी येईल. तसंच फ्लश पाइप टाकीखालून सरळ खाली यायला हवा. भिंतीतून आडवा फिरवलेला, मध्ये पोट सुटलेला पाइप असला तर त्यात पाणी साचतं, पुढची हवा अडते आणि सायफन धड धरतच नाही.

इथे एका घोळाचा निकाल लावून टाकू. ‘सायफोनिक कमोड’ हा वेगळा प्रकार. त्यात सायफन भांड्याच्या खालच्या वळणात असतो आणि तो मैला ओढून नेतो. आपल्याकडे बहुतेक भांडी नुसत्या धारेने धुवून नेणारी असतात. टाकी सायफनची आणि भांडं साधं, अशी जोडी अगदी बिनधोक चालते.

आता मुख्य मुद्दा, गळतीचा. बटणाच्या टाकीत पाणी रात्रंदिवस रबरी सीलवर उभं असतं. जड पाण्याचा क्षार सीलच्या बैठकीवर धरतो, रबर कडक होतं, एखादा वाळूचा कण मध्ये अडकतो आणि भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक ओघळ सुरू होतो. आवाज नाही, फरशीवर पाणी नाही. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी असं जात असेल, तर दिवसाला २८८ लिटर होतात. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी अर्ध्याहून जास्त रिकामी, आणि घरात कोणाला पत्ता नाही. सायफनमध्ये हे घडायला जागाच नाही, कारण बाहेर पडायची वाट माथ्यावरून, पाण्याच्या पातळीच्या वर आहे. पाणी आपण होऊन चढण चढत नाही. टाकी गळलीच तर सायफनला तळाशी आवळणाऱ्या खालच्या चेकनटपाशी गळते, म्हणजे भिंतीवर, डोळ्यांसमोर.

इंग्लंडमध्ये याच कारणासाठी सायफनला कायद्याचा आधार होता. तिथे या टाकीचं नावच मुळी ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’, पाण्याची नासाडी रोखणारी. १८९८ साली अल्बर्ट गिब्लिन याने अशा झडप नसलेल्या टाकीचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या थॉमस क्रॅपर यांच्या दुकानाने ती विकली; फ्लशचा शोध क्रॅपरनेच लावला ही मात्र दंतकथा. ब्रिटनमध्ये तळाला सील असलेल्या टाक्यांना मुभा मिळाली ती १९९९ च्या नियमांनी, २००१ च्या सुरुवातीपासून, आणि त्याच वेळी एका फ्लशला ६ लिटरची कमाल मर्यादा घातली गेली.

पण सायफनची टाकी गुपचूप पाणी सोडतच नाही असं छातीठोक सांगू नये. दोन वाटा आहेत. पहिली बॉल कॉकची, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या बॉलने बंद होणाऱ्या नळाची. बॉल नीट बंद झाला नाही आणि ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी नळी कोणी बूच मारून बंद केलेली असेल (ठिबकतं म्हणून बूच मारणारे पुष्कळ), तर पातळी चढत चढत सायफनच्या माथ्यापर्यंत जाते आणि पाणी माथ्यावरून भांड्यात झिरपायला लागतं. झिरपण्याने नळी भरत नाही, म्हणून फ्लश होत नाही. पाणी मात्र जात राहतं. दुसरी वाट क्वचितची: लांब पायाला टाकीच्या आतच, पाण्याखाली, चीर गेलेली असणं. तपासणी सोपी आहे. टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास कोणी फ्लश करू नका, मग भांड्यात बघा. रंग उतरला तर गळती आहे. टाकीत टाकायच्या निळ्या-हिरव्या गोळ्या वापरत असाल तर ही परीक्षा होणारच नाही, आणि क्लोरीनवाल्या गोळ्या आतलं रबर खातात. त्या न वापरलेल्या बऱ्या.

बिघाडांकडे येऊ. सायफन टाकीच्या तक्रारींत पडदा सगळ्यांत वर. प्रत्येक फ्लशला तो वाकतो, परत बसतो. पट्टीच्या भोकांच्या कडांवर क्षाराचे पांढरे दाणे धरले की तिथे घासून तो फाटतो, किंवा कड दुमडून एका बाजूला गुंडाळला जातो. मग ४०० मिलिलिटरपैकी निम्मं पाणी पट्टीतूनच खाली निसटतं आणि माथ्यावर पोचत नाही. हॅन्डल आपलं कधी हलकं, कधी जड लागतं. तीन-चार वेळा भराभर मारलं की एखाद्या वेळी लागतं. नेमकी हीच खूण. यासाठी अख्खा सायफन बदलायची गरज नसते, टाकी तर नाहीच नाही.

पडदा बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. टाकी फ्लश करून रिकामी करा. फ्लशच होत नसेल तर मगने उपसा. तळाचं उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या, नाहीतर नट सैल करताच ते लिटर-सव्वा लिटर तुमच्या मनगटावरून बाहीत जाईल. खाली बादली ठेवाच. हूक सोडवा. फ्लश पाइपचा नट सैल करून पाइप बाजूला घ्या, मग टाकीच्या तळाखालचा मोठा चेकनट काढा. सायफन वरून उचलून बाहेर येतो. दांडी हूकपासून सुटलेली असल्यामुळे पट्टी डब्याच्या खालच्या तोंडातून काढता येते. ती काढताना चकत्यांचा क्रम नीट बघून ठेवा: खाली भोकांची पट्टी, तिच्यावर पडदा, पडद्यावर मधोमध लहान वजन किंवा वॉशर. मोबाइलवर फोटो काढलेला उत्तम. उलटं बसवलं, पडदा पट्टीच्या खाली गेला, तर सायफन जन्मात लागणार नाही, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं.

पट्टी आणि डब्याची आतली भिंत व्हिनेगरमध्ये भिजवून क्षार काढा. सुरीने खरवडू नका. ओरखड्यात क्षार पुन्हा जास्तच धरतो. नवा पडदा तयार मिळाला तर प्रश्नच नाही. नाही मिळाला तर खताच्या किंवा सिमेंटच्या विणलेल्या गोणीचं प्लॅस्टिक चालणार नाही, सपाट जाड पॉलिथिन हवं. बांधकामावर अंथरतात तसला जाड ताव चांगला. जुना पडदा ठेवून पेनने रेघ मारायची आणि कापायचं. जुना फाटून आकार गेला असेल तर डब्याचा आतला व्यास मोजा. पडद्याची कड डब्याच्या भिंतीला सगळीकडून हलके टेकली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर लहान झाला तर कडेने पाणी निसटेल, मोठा झाला तर कड दुमडून अडकेल. मधलं भोक दांडीला घट्ट. पुन्हा जोडण्याआधी बादलीभर पाण्यात सायफनचं तोंड बुडवून दांडी एकदा झटक्याने ओढून बघा. माथ्यावरून पाण्याचा लोट पलीकडच्या पायातून पडला की काम झालं. टाकीत बसवून मग कळण्यापेक्षा हे बरं.

परत बसवताना रबरी वॉशर टाकीच्या आत, तळाला टेकून राहील असा ठेवा. बाहेरून, चेकनटखाली नव्हे. चेकनट हाताने जेवढा फिरेल तेवढा फिरवा आणि वर पाव फेरा, बस. पान्याने आवळण्याचा मोह होतो. प्लॅस्टिकच्या आट्या त्याने चिरतात आणि मग त्या चिरेवर एम-सीलचा लगदा थापला जातो. पुढच्या वेळी पडदा बदलायचा तर तो लगदा फोडता फोडता टाकीच फुटते. टेफ्लॉन टेपही इथे नको. पाणी अडवायचं काम रबरी वॉशरचं आहे, आट्यांचं नाही.

पडद्याखालोखाल पातळी. टाकीच्या आत भिंतीवर पाण्याची रेघ ओढलेली असते. नसेल तर ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटर एवढी पातळी धरा. ती तीन-चार सेंटिमीटरने खाली असेल तर पट्टीने उचललेलं पाणी माथा गाठण्यातच संपतं, आणि पडदा नवाकोरा असूनही फ्लश रुसतो. म्हणून तक्रार आल्यावर पहिल्यांदा झाकण उघडून पातळी बघायची, पान्याला नंतर हात लावायचा. बॉलची दांडी पितळेची असेल तर किंचित वर वाकवायची. प्लॅस्टिकची असेल तर तिच्यावर स्क्रू असतो. पातळी उलट जास्त चढत असेल तर बॉल काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर तो भरलाय, फेका.

हूकही दगा देतो. कित्येक टाक्यांत तो साध्या लोखंडी तारेचा येतो आणि दमट हवेत गंजून तुटतो. कोकणात, समुद्राकाठी तर फारच लवकर. तुटल्यावर हॅन्डल एकदम हलकं होतं, मोकळं फिरतं. विजेच्या वायरमधली तांब्याची तार दुहेरी पिळून एस आकारात वाकवली की लोखंडापेक्षा कितीतरी जास्त टिकते. लांबी मात्र जुन्या हूकइतकीच ठेवा. लांब झाला तर उचल कमी पडते, आखूड झाला तर पट्टी कायम अर्धवट वर लटकते.

सायफन सुरू होऊन मध्येच तुटत असेल तर माथ्यावरच्या सांध्याकडे बघा. हा भाग दोन तुकडे चिकटवून केलेला असतो. तिथे चीर गेली की हवा आत ओढली जाते. नख फिरवलं की चीर लागते. त्यावर डकवाडकवी टिकत नाही, सायफन बदला.

आणि एक तक्रार नव्या उंच इमारतींतली: फ्लश थांबतच नाही. प्रेशर पंपामुळे बॉल कॉकमधून पाणी इतकं जोरात येतं की शेवटी डब्याचं तोंड उघडं पडत नाही, हवा शिरत नाही आणि सायफन बारीक धारेने चालूच राहतो. टाकीचा काही दोष नाही. घड्याळ लावा आणि अँगल कॉक इतका दाबून ठेवा की रिकामी टाकी भरायला दीड ते दोन मिनिटं लागतील. दोन मिनिटांत १० लिटर म्हणजे मिनिटाला ५ लिटर; एवढ्या येण्याने सायफन सुखाने तुटतो.

विकत घेताना झाकण उघडून दाखवायला सांगा. दुकानदार नाखूश झाला तरी चालेल. सगळे ‘पीव्हीसी टाकी’ म्हणत असले तरी अंग बहुधा दुसऱ्याच प्लॅस्टिकचं असतं, त्यात अडायचं काही नाही. आयएसआय खूण आणि आयएस ७२३१ हा क्रमांक आहे का ते बघा. प्लॅस्टिकच्या फ्लश टाक्यांचं मानक ते. हॅन्डल हाताने चालवा: दांडा लवतो आणि पट्टी जागची हलत नाही, असं असेल तर ती टाकी परत ठेवा. हूक आणि दांडी पितळ किंवा स्टेनलेस असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पाण्याचं कनेक्शन डावीकडून की उजवीकडून हे घरून बघून या. दोन्ही बाजूंना भोक असलेली टाकी सोयीची, उरलेल्या भोकाला बूच सोबत येतं.

सुटा सायफन सेट घेताना मात्र ‘सगळ्याला बसतो’ या शब्दावर जाऊ नका. माथा पातळीच्या वर पण झाकणाच्या खाली राहिला पाहिजे, आणि डब्याचं तोंड तळापासून एक-दीड सेंटिमीटरच वर. सेट आखूड असेल तर माथा पाण्याच्या पातळीखाली जातो आणि पाणी सतत झिरपतं. जुना सायफन पिशवीत घालून दुकानात न्या, शेजारी शेजारी उभा करून उंची जुळवा.

आता हिचा मोठा उणेपणा. दर वेळी सगळं पाणी जातं. अर्ध्या फ्लशची सोय असलेले सायफन ब्रिटनमध्ये सर्रास मिळतात. त्यात डब्याच्या बाजूला वर एक भोक असतं, पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन लवकर तुटतो. आपल्याकडच्या साध्या टाक्यांत ते नसतं. हिशेब करून बघा. चौघांचं घर, माणशी दिवसाला ५ फ्लश धरले तर २० फ्लश, २०० लिटर. ६ आणि ३ लिटरच्या दुहेरी बटणाला, माणशी एक मोठा आणि चार छोटे धरून, ७२ लिटर. रोजचा १२८ लिटरचा फरक, आणि तो बटणाच्या बाजूने. म्हणजे सील शाबूत असेपर्यंत बटण जिंकतं. ज्या दिवशी तो मघाचा मिनिटाला पेलाभर ओघळ सुरू झाला, त्या दिवशी ७२ आणि २८८ मिळून ३६० लिटर जातात आणि बटण १६० लिटरने हरतं. शिवाय आपल्या घरांतून लघवीनंतर हॅन्डलला हात न लावता एक-दोन मग पाणी ओतण्याची रीत अजून आहे. तिथे २०० लिटरचा आकडा कागदावरच राहतो.

पाणी कमी करायचं म्हणून बॉल खाली वाकवून पातळी उतरवतात, ते सायफनला चालत नाही; कारण वर आलंच आहे. लिटरची प्लॅस्टिकची बाटली वाळू-पाण्याने भरून, बूच घट्ट लावून टाकीच्या कोपऱ्यात उभी करा, बॉलच्या आणि डब्याच्या वाटेत येणार नाही अशी. पातळी तीच राहते, फ्लश तितकाच सहज लागतो, आणि दर वेळी साधारण लिटरभर वाचतं. वीट ठेवू नका, ती झिजून तिचा गाळ पट्टीच्या भोकांत जातो. भारतीय भांडं असेल तर एका बाटलीवर थांबा. मैला अडकून दोनदा फ्लश करावं लागलं तर वाचवलेलं सगळं गेलं.

भिंतीत गाडलेली कन्सील्ड टाकी आणि कमोडच्या पाठीवर बसणारी जोड टाकी यांत सायफन शोधत बसू नका. आपल्या बाजारात तिथे बहुतेक सगळा माल तळाच्या सीलचाच. भाड्याचं घर, शाळा, मंगल कार्यालय, गावाकडचं घर, जिथे प्लंबर बोलावल्यावर चार दिवसांनी येतो, तिथे मात्र ही भिंतीवरची साधी टाकीच लावा. पडदा कापायला बसाल तेव्हा एकाऐवजी दोन कापा, आणि दुसरा पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.